गाडीत क्रूझ कंट्रोल नाहीये? बसवता येतं, पण आधी ब्रेकची वायर बघा

गोव्यातून गाडी घेऊन मुंबई-पुण्याला जाणारे आपल्यात भरपूर आहेत, आणि एनएच-६६ सिंधुदुर्गात चार पदरी झाल्यापासून पत्रादेवी ओलांडली की बांदा, कुडाळ, कणकवली हा सगळा पट्टा एकाच लयीत जातो. तिथे उजवा पाय तासभर एकाच अँगलमध्ये धरून बसायचं म्हणजे पोटरी भरून येते, घोटा आखडतो, आणि नकळत स्पीडही कमी-जास्त होत राहतो. मग कुणाच्या तरी टॉप मॉडेलमध्ये बसून येतो आपण, ते क्रूझचं (एकदा सेट केलं की पाय न लावता स्पीड धरून ठेवणारं) बटण बघतो, आणि डोक्यात येतं की आपल्या मिड व्हेरिअंटमध्ये हे बसेल का?

बहुतेक गाड्यांत बसतं. पण मी हे ज्याला ज्याला सांगतो त्याला एक गोष्ट आधी सांगतो, की क्रूझ स्पीड धरतं कसं याच्यापेक्षा ते सोडतं कसं याच्यावर तुमचा वेळ आणि पैसा जास्त गेला पाहिजे. ब्रेकला पाय लागला की त्या क्षणी सुटलं पाहिजे, क्लच दाबला की सुटलं पाहिजे. बटण कुठे बसवायचं, लाइट निळी की हिरवी, हे सगळं नंतर. गॅरेजवाल्याशी बोलतानाही पहिला प्रश्न तोच विचारा, ब्रेकचा सिग्नल कुठून घेणार? उत्तर देताना तो चाचपडला तर दुसरीकडे जा.

हे करतं काय नेमकं

राल्फ टीटर नावाचे एक अमेरिकन इंजिनिअर होते, लहानपणापासून दृष्टी नव्हती, त्यांनी हे डोक्यातून काढलं, १९५० मध्ये पेटंट मिळालं आणि १९५८ मध्ये क्रायसलरच्या इम्पीरियल गाडीत ते आलं. तेव्हा सगळं मेकॅनिकल होतं. आताच्या गाडीत काम सॉफ्टवेअर करतं: तुम्ही ८० ला सेट केलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, खरा स्पीड बघत राहतो, ७८ झाला तर थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) थोडा उघडतो, ८२ झाला तर मिटतो. बस एवढंच. साधं क्रूझ ब्रेक मारत नाही हे लक्षात ठेवा. उतारावर थ्रॉटल पूर्ण मिटूनही गाडी पळत असेल तर स्पीड वाढतच जातो आणि ब्रेक तुम्हालाच मारायचा असतो. पुढची गाडी बघून आपोआप स्पीड कमी करणारं जे असतं ते अ‍ॅडॅप्टिव्ह, त्याला रडार लागतो, ब्रेकचं कंट्रोल लागतं, ते बाहेरून बसवायच्या भानगडीत पडू नका.

आधी तुमची गाडी कुठल्या जातीची ते ओळखा

बॉनेट उघडा आणि थ्रॉटल बॉडी बघा, म्हणजे एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप इंजिनला जिथे मिळतो तिथे. तिथे स्टीलची केबल येऊन एका छोट्या चाकाला अडकलेली दिसली आणि पाय दाबल्यावर ते चाक फिरत असेल तर तुमची गाडी केबल थ्रॉटलची. केबल नाहीये, फक्त वायरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) आहे, आणि आत एक्सलेटरच्या वरच्या टोकालाही एक कपलर आहे, बहुतेक सहा पिनचा, तर ती इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल. डिझेलवाल्यांनी सरळ एक्सलेटरचा कपलरच बघावा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत जवळपास सगळीकडे इलेक्ट्रॉनिकच मिळेल, आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत.

केबलवाली असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे, सोडून द्या. त्याला केबल ओढणारी वेगळी मोटर किंवा व्हॅक्यूमचा डबा बसवावा लागतो, इंजिनच्या बाजूला, उष्णतेत आणि पावसाच्या उडणाऱ्या पाण्यात, आणि ती केबल ओढलेल्या जागी अडकली तर गाडी रेसमध्येच राहते. जुन्या गाडीसाठी एवढा धोका नको.

इलेक्ट्रॉनिक असेल तर पुढचा प्रश्न, तुमच्याच गाडीच्या वरच्या व्हेरिअंटला, त्याच इंजिन आणि त्याच गिअरबॉक्ससोबत, कंपनीने क्रूझ दिलं होतं का? दिलं असेल तर शक्यता चांगली आहे की तुमच्या ईसीयूलाही क्रूझ येतं, फक्त बटणं आणि दोन-तीन वायरी दिलेल्या नाहीत. कंपन्या प्रत्येक व्हेरिअंटसाठी वेगळा ईसीयू बनवत बसत नाहीत. खात्री करायला ईसीयूवरच्या स्टिकरचा पार्ट नंबर वरच्या व्हेरिअंटच्या नंबराशी जुळवा, किंवा चांगल्या स्कॅनरवर (ईसीयूला जोडून आतली माहिती वाचणारं यंत्र) लाइव्ह डेटामध्ये क्रूझ स्विच, क्रूझ स्टेटस अशा ओळी येतात का बघा. ओळ दिसली म्हणजे काम झालंच असं नाही, पण दार उघडं आहे.

दोन मार्ग आहेत, कंपनीचा आणि किटचा

कंपनीचा मार्ग म्हणजे वरच्या व्हेरिअंटचे ओरिजिनल स्विच, लागली तर त्याची क्लॉक स्प्रिंग (स्टीअरिंग फिरलं तरी त्यावरच्या बटणांच्या वायरी जोडलेल्या ठेवणारा भाग), राहिलेल्या वायरी, क्लचचा स्विच, आणि शेवटी ईसीयूमध्ये कोडिंग, म्हणजे सॉफ्टवेअरमधून क्रूझ चालू करणं. हे जमत असेल तर हेच करा, कारण ब्रेक-क्लचचं सगळं लॉजिक कंपनीने लिहिलेलं, तपासलेलं असतं, तुम्ही फक्त बटणं देताय. कोडिंगसाठी फोक्सवॅगन-स्कोडावाले व्हीसीडीएस वापरतात, फोर्डवाले फोरस्कॅन, रेनॉवाले डीडीटी४ऑल. बाकीच्या काही गाड्यांत कोडिंग लागतच नाही, स्विच जोडला की ईसीयू ओळखतो.

किटचा मार्ग म्हणजे एक छोटा मॉड्यूल एक्सलेटर आणि ईसीयूच्या मध्ये बसतो. तुमचा पाय नसतानाही तो ईसीयूला सांगतो की पाय एवढा एवढा दाबलेला आहे. ईसीयूला माहीतच नसतं की क्रूझ चालू आहे. म्हणूनच इथे ब्रेकची वायर जीव की प्राण, कारण सोडायची सगळी जबाबदारी त्या डब्यावर आहे.

कंपनीच्या मार्गाने जाताना

स्टीअरिंगवर एअरबॅग असते, त्यामुळे घाई करायची नाही. चाकं सरळ करा, स्टीअरिंग मधोमध. बॅटरीची निगेटिव्ह काढा (दहा नंबरचा पाना लागतो बहुतेक) आणि दहा मिनिटं तरी थांबा, एअरबॅगच्या युनिटमध्ये चार्ज राहिलेला असतो तो उतरायला वेळ लागतो. मग मागच्या भोकांतून एअरबॅगच्या क्लिपा किंवा बोल्ट सोडवा, पिवळा कपलर काढा, आणि एअरबॅग खाली ठेवताना कव्हरची बाजू वर ठेवा. त्या पिवळ्या कपलरला मल्टीमीटर लावायचा नाही, कधीच नाही, मीटरच्या करंटनेसुद्धा ती फुटू शकते. हे काम आधी केलेलं नसेल तर एवढा भाग जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

स्टीअरिंगच्या मागे क्लॉक स्प्रिंग दिसेल, गुंडाळलेली चपटी पट्टी असते आत. ती मधोमध नसताना बसवली तर एका बाजूला पूर्ण वळवल्यावर तुटते, मग हॉर्न गेला, एअरबॅगची लाइट लागली, आणि खर्च वेगळा. म्हणून काढायच्या आधी टेप लावून जागेवर लॉक करा. स्टीअरिंग शाफ्टवरून काढावं लागणार असेल तर मार्करने खूण करून ठेवा, नाहीतर सरळ रस्त्यावर स्टीअरिंग तिरकं राहतं. मधला नट की बोल्ट परत वापरायचा की नवीन घ्यायचा आणि किती टॉर्कने आवळायचा ते तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या.

स्विच जुना, म्हणजे स्क्रॅपमधून घेतलेला असेल तर बसवायच्या आधी टेबलावर तपासा. बऱ्याच गाड्यांत या सगळ्या बटणांना मिळून दोनच वायरी असतात आणि प्रत्येक बटणाचा रेझिस्टन्स वेगळा असतो, ईसीयू त्यावरून ओळखतो की सेट दाबलं की कॅन्सल. मल्टीमीटर ओहमवर ठेवून एकेक बटण दाबा, प्रत्येकाला वेगळा आणि दर वेळी तोच आकडा आला पाहिजे. दाबून ठेवल्यावर आकडा हलत राहिला तर आतले कॉन्टॅक्ट खराब झालेत. आपल्या किनारपट्टीवरच्या गाड्यांचे स्विच उघडले की हिरवी बुरशीसारखी पूड दिसते ना, तीच ती. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ होतं कधी कधी, पण कॅन्सलचं बटण संशयास्पद असेल तर तो स्विच घेऊच नका.

किट बसवताना

इग्निशन बंद करून, चावी काढून, दरवाजे बंद करून दहा-पंधरा मिनिटं गाडी तशीच सोडा म्हणजे ईसीयू झोपतो. एक्सलेटरचा कपलर काढा, किटचा कपलर मध्ये घाला, टक् असा आवाज आलाच पाहिजे. तुमच्या गाडीचाच कपलर असलेलं किट घ्या. 'वायर कापून जोडून देतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणा, कारण एक्सलेटरमधून दोन वेगवेगळे सिग्नल जातात, बऱ्याच गाड्यांत एक दुसऱ्याच्या साधारण दुप्पट व्होल्टचा, आणि ईसीयू सतत दोन्ही पडताळून बघतो. जॉइंट जरा ढिला झाला, दोन्हीचं गणित चुकलं, की चेक लाइट लागते आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ईसीयू मुद्दाम ताकद कमी करतो. चोर्ला घाटात मागे ट्रक असताना तसं झालं तर काय होईल विचार करा.

आता ब्रेक. ब्रेक पॅडलच्या वर, डॅशच्या खाली मान घालून टॉर्च मारली की छोटा स्विच दिसेल, जुन्या गाडीत दोन पिनचा, नव्यांत बहुतेक चार पिनचा. चार पिनमध्ये दोन सर्किट असतात, एक पाय दाबल्यावर जुळतं (ब्रेक लाइटचं) आणि दुसरं पाय दाबल्यावर तुटतं (ईसीयूसाठी). किटला साधारणपणे ब्रेक लाइटची वायर लागते. मल्टीमीटरची काळी वायर बॉडीला, लाल एकेका पिनला मागून टेकवा, बाजूला कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा. पाय नसताना शून्य, दाबल्यावर बारा व्होल्ट, ती तुमची वायर. इग्निशन चालू आणि बंद, दोन्हीत बघून घ्या. आणि नुसता जोरात पाय मारून बघू नका, पाय हळूहळू ठेवायला सांगा, कारण आपण महामार्गावर क्रूझ सोडायला पॅडलला फक्त स्पर्श करतो. पॅडल बरंच खाली गेल्यावर बारा व्होल्ट येत असतील तर आधी स्विच अ‍ॅडजस्ट करून घ्या.

मागे एलईडी ब्रेक बल्ब बाहेरून लावलेत का? काही किट बल्बच्या फिलामेंटमधून मिळणाऱ्या अर्थिंगवर ब्रेकची वायर शाबूत आहे की नाही ते ओळखतात, एलईडीने ते गणित बिघडतं आणि क्रूझ सेटच होत नाही. किटच्या कागदात बघून घ्या.

क्लचची वायर मॅन्युअल गाडीला हवीच. बरेच गॅरेजवाले ती सोडून देतात, कारण किट आरपीएम अचानक चढल्यावर आपोआप सुटतं म्हणे. माझ्या मावसभावाच्या गाडीत असंच केलेलं होतं, चौथ्यातून पाचवा टाकायला क्लच दाबला की इंजिन आधी किंचाळायचं आणि मग क्रूझ सुटायचं. क्लच प्लेटसाठी वाईट आणि चालवणाऱ्यासाठी त्याहून वाईट. क्लच पॅडलवर स्विच नसेल तर बसवून घ्या, छोटं काम आहे.

स्पीडचा सिग्नल बहुतेक नवीन किट ओबीडी पोर्टमधून (स्कॅनर जोडायचं सॉकेट) घेतात. तिथे ६ आणि १४ नंबरच्या पिन कॅनच्या (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या दोन वायरी) असतात आणि १६ नंबरवर बॅटरीचे बारा व्होल्ट कायम असतात, चावी काढली तरी. किटची पॉवर या १६ नंबरवरून घेऊ नका, इग्निशनवर येणाऱ्या फ्यूजवरून घ्या, किटमध्ये सांगितलेल्या अँपिअरचा वेगळा फ्यूज लावून. बोटीवर नोकरीला जाणारे आपल्याकडे किती जण आहेत, चार-सहा महिने गाडी घरी उभी असते, अशात सतत करंट खाणारी एक वस्तू म्हणजे आल्यावर बॅटरी मेलेली. कॅनच्या वायरी जोडायच्या आधी आणि नंतर, बॅटरी काढून, ६ आणि १४ मध्ये रेझिस्टन्स मोजा. गेटवे (पोर्ट आणि आतल्या कॅनच्या मध्ये बसणारा वेगळा मॉड्यूल) नसलेल्या गाडीत ६० ओहमच्या आसपास येतो. आधीचा आणि नंतरचा आकडा बदलला तर काहीतरी चुकलंय, पुढे जाऊ नका.

जॉइंट सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी), किंवा चांगले क्रिम्प (दाबून बसवलेले जोड). पिळून काळी टेप मारलेला जॉइंट आपल्या हवेत टिकत नाही, दमटपणात टेपचा गोंद सुटतो, पावसाळ्यात तर टेप नुसती लोंबते. बॉडीवर अर्थिंग घेताना रंग खरवडून खाली चकचकीत लोखंड दिसेपर्यंत साफ करा, आवळा, आणि वरून ग्रीस किंवा रंग लावून बंद करा, नाहीतर एका पावसात गंज. मॉड्यूल डॅशच्या आत पक्का बांधा, स्टीअरिंग कॉलमच्या लांब, आणि एकही वायर पॅडलच्या रस्त्यात लोंबता कामा नये. हे सगळं झाल्यावर तिन्ही पॅडल हाताने तळापर्यंत दाबून सोडून बघा.

तपासायचं कसं

पहिलं गाडी उभी असताना. इग्निशन चालू, इंजिन बंद, स्कॅनरवर एक्सलेटरचे टक्के बघा, पाय नसताना शून्याच्या जवळ, दाबल्यावर न अडखळता वर, सोडल्यावर परत खाली. ब्रेक आणि क्लच स्टेटस पॅडलबरोबर बदलले पाहिजेत. मग इंजिन चालू करून पाच-दहा मिनिटं आयडलवर, चेक लाइट येत नाही ना बघायचं. चाकं जॅकवर उचलून क्रूझ टेस्ट करतात काही जण, तसं करू नका.

मग रस्ता. रविवारी पहाटे रहदारी नसताना वेर्ण्याकडचा चार पदरी सरळ पट्टा घ्या, कोरडा रस्ता असताना, आणि बोर्डावर लिहिलेल्या लिमिटच्या आत. सोबत कुणीतरी असू द्या. बहुतेक सिस्टिम साधारण ३०-४० च्या खाली सेट होत नाहीत, तेव्हा ५० ला सेट करा आणि लगेच ब्रेकला हलका स्पर्श. सुटलं? परत सेट, आता क्लच. परत सेट, आता कॅन्सल बटण. परत, क्रूझचा मेन स्विच. चारही मार्गांनी प्रत्येक वेळी, न चुकता सुटलं तरच स्पीड धरतं कसं ते बघायला जा. एकदाही उशीर झाला तर तिथेच बंद करून परत या, 'बहुतेक वेळा सुटतं' हे चालणार नाही.

रिझ्यूम बटणाची सवय वेगळी करून घ्या. ८० ला सेट होतं, पुढे वस्ती आली म्हणून ब्रेक मारून ४० वर आलात, वस्ती संपायच्या आधीच रिझ्यूम दाबलं तर गाडी परत ८० कडे झेपावते. माझ्या घरच्यांना मी सांगून ठेवलंय, रिझ्यूम वापरूच नका, परत सेट करा.

गोव्यात कुठे वापरायचं

खरं सांगायचं तर गोव्याच्या आत फार कमी जागा आहेत. धारगळ-कोलवाळचा पट्टा, वेर्ण्याची बाजू, काणकोणचा बायपास, तेही सकाळी लवकर. चोर्ला, अनमोड, करमल या घाटांत नाही. गावातल्या रस्त्यांवर अजिबात नाही, आडव्या येणाऱ्या स्कूटर आणि उलट्या बाजूने येणाऱ्या गाड्या आपण रोज बघतो.

आणि पावसात क्रूझ बंद. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कसा कोसळतो माहीत आहे, रस्त्यावर पाण्याचा थर असला की टायर पाण्यावर तरंगतात, अशा वेळी एक्सलेटरवरून पाय काढणं ही पहिली गोष्ट असते आणि इथे पाय तिथे नसतोच. वर पावसाळ्यात गुरं कोरड्या जागेसाठी हमरस्त्यावर येऊन बसतात, रात्री काळी म्हैस दिसत नाही. चवथीला गावी येणाऱ्या मुंबईकरांनी हे जास्त लक्षात ठेवा.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल करायला मनाई आहे, पण क्रूझची नोंद आरसीवर नसते, म्हणून तिथे सहसा अडचण येत नाही. पण वॉरंटीचं तसं नाही, वायर कापलेली दिसली तर इलेक्ट्रिकल क्लेम नाकारायला कारण मिळतं, म्हणून वॉरंटीतल्या गाडीत कंपनीचाच मार्ग, शक्यतो सर्व्हिस सेंटरमधूनच, आणि तिथे नाही म्हणाले तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा. इन्शुरन्सला लेखी कळवा, बिल जपून ठेवा.

नंतर काही बिघडलं तर

चेक लाइट लागली आणि स्कॅनरवर पी२१३८ हा कोड आला तर एक्सलेटरचे दोन सिग्नल जुळत नाहीयेत, किटचा कपलर काढून ओरिजिनल परत जोडा, कोड पुसा, परत येत नसेल तर दोष किटच्या बाजूला. पी०५७१ किंवा पी०५०४ म्हणजे ब्रेक स्विच, त्या दिवसापासून दुरुस्त होईपर्यंत क्रूझचा फ्यूजच काढून ठेवा. क्रूझ झोके घेत असेल, म्हणजे ७८-८३-७७ असं, तर किटची सेन्सिटिव्हिटी कमी करा. मधूनच आपोआप सुटत असेल तर बहुतेक ब्रेक स्विच काठावर अ‍ॅडजस्ट झालेला असतो, खड्ड्यात पॅडल हललं की सुटतं. क्लचच्या स्विचचंही तसंच.

दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, डॅशखाली एकदा टॉर्च मारा. कपलर घट्ट आहेत का, हिरवी पूड धरलीय का, आणि वायरीचं कव्हर कुरतडलंय का ते बघा, अंगणात फणसाखाली गाडी लावणाऱ्यांकडे घुशी-उंदीर हमखास येतात. कव्हर कुरतडलेलं दिसलं तर वायर हलवून बघत बसू नका, तेवढा तुकडा बदलून घ्या आणि सोडायच्या त्या चार टेस्ट परत करा.